वाड्याच्या लिलावातून जुने घड्याळ आणि कोरीव फर्निचर कसे घ्यावे

मराठवाड्यात जुन्या वस्तूंचा लिलाव बहुतेक वेळा एखाद्या वाड्याच्या वाटणीतून निघतो. भाऊबंद पुण्याला नाहीतर हैदराबादला स्थायिक झालेले असतात, वाडा उतरवायचे ठरलेले असते, आणि माजघरातल्या शिसवी पलंगापासून दिवाणखान्यातल्या टोल्याच्या घड्याळापर्यंत सगळे सामान ओसरीवर मांडून त्यावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. अशा लिलावातून मी गेली अनेक वर्षे वस्तू घेत आलो आहे, आणि माझा अनुभव असा की चांगली खरेदी बोलीच्या दिवशी होत नाही. ती आदल्या दिवशी, हातात बॅटरी घेऊन वस्तूची मागची बाजू पाहताना होते. म्हणून या लेखात बोलीपेक्षा पाहणीलाच अधिक जागा दिली आहे.

हे सामान इकडे आले कसे, हे माहीत असले की काय सापडेल याचा अंदाज येतो. मनमाडहून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारा मीटरगेज लोहमार्ग 1900 च्या सुमारास सुरू झाला आणि मुंबई व हैदराबादच्या बाजारातला माल देशमुख-देशपांड्यांच्या गढ्यांपर्यंत पोहोचू लागला. घड्याळे जर्मन किंवा अमेरिकन कारखान्यांची, पण फर्निचर पुष्कळदा स्थानिक सुतारांच्या हातचे: लाकूड किनवट-आदिलाबादच्या जंगलातले सागवान, घाट साहेबी आणि नक्षी मात्र आपली, म्हणजे कोयरी, कमळ, मोर, वेलबुट्टी. 17 सप्टेंबर 1948 नंतर निजामी राजवट संपली, पुढच्या वर्षी जहागिरी रद्द झाल्या, आणि तेव्हापासून हे सामान हळूहळू घराबाहेर पडत आहे. तात्पर्य, इथे राजवाड्यातली एकमेव वस्तू मिळण्याची आशा धरू नये. कारखान्यात हजारोंनी बनलेले पण उत्तम यंत्राचे घड्याळ आणि मनापासून केलेले सुतारकाम मात्र नक्की मिळते.

यादी आणि अटी

लिलावाची यादी हाती आली की प्रथम अटी वाचाव्यात. ‘जसे आहे जेथे आहे तत्त्वावर’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक लिलावात असतात आणि त्यांचा अर्थ असा की नंतर दोष सापडला तर तक्रार चालणार नाही. अनामत रक्कम किती, ती परत कधी मिळणार, राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकली जात नाही ती) आहे का, बोलीच्या रकमेवर खरेदीदाराकडून वेगळे शुल्क आणि जीएसटी घेतला जातो का, सामान किती दिवसांत उचलावे लागते, हे सर्व वहीत लिहून घ्यावे. मुंबईतील पंडोल्स, सॅफ्रनआर्ट किंवा अस्तागुरू यांच्यासारख्या लिलावगृहांत घरबसल्या बोली लावणार असाल, तर वस्तूच्या मागच्या, खालच्या आणि आतल्या बाजूंची छायाचित्रे व स्थिती-अहवाल मागून घ्यावा. समोरून काढलेल्या एका सुंदर छायाचित्रावर विसंबून बोली लावू नये.

पाहणीला जाताना बॅटरी, भिंग, मोजपट्टी, लहान आरसा, लोहचुंबक आणि वही एवढे सोबत असावे. चुंबक पितळेला चिकटत नाही. पितळी म्हणून दाखवलेल्या कड्या, मुठी आणि बिजागऱ्या मुलामा दिलेल्या लोखंडाच्या आहेत का, हे क्षणात कळते.

घड्याळ पाहताना

प्रथम तबकडीवरचे नाव वाचावे, पण त्यावर विश्वास ठेवू नये. तबकडी बदलता येते. यंत्राच्या पितळी पाटीवर ठोकलेला छाप बदलणे अवघड असते. लोलक अलगद काढून ठेवावा आणि बॅटरी व आरशाच्या मदतीने मागची पाटी पाहावी. आठ टोकांच्या ताऱ्यात जे हे अक्षर असेल तर यंत्र युंगहान्सचे. हा कारखाना 1861 साली जर्मनीतील श्रामबर्ग येथे सुरू झाला. एकमेकांना छेदणारे दोन बाण हे हॅम्बर्ग अमेरिकन कंपनीचे चिन्ह आहे, आणि नांगराच्या चिन्हासोबत जी-बी ही अक्षरे दिसली तर यंत्र गुस्ताव बेकरचे. अमेरिकन घड्याळांत सेथ थॉमस आणि अ‍ॅन्सोनिया ही नावे आढळतात. जपानी सेकोशा कारखाना 1892 चा. काळ ठरवण्यासाठी देशाचे नाव फार उपयोगी पडते. परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालण्याची सक्ती ब्रिटिश कायद्याने 1887 मध्ये केली, त्यामुळे ‘मेड इन जर्मनी’ असा छाप सहसा त्यानंतरचाच असतो. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेले घड्याळ 1949 च्या आधीचे असूच शकत नाही, मग विकणारा ते पणजोबांच्या लग्नातले असल्याचे कितीही आग्रहाने सांगो.

दुसरी गोष्ट, यंत्र आणि पेटी मुळातच एकमेकांची आहेत का. हे न पाहण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. अंबाजोगाईच्या बाजूला एका वाड्याच्या लिलावात कोरीव शिरपेचाचे, दोन चावीभोकांचे भिंतीवरचे घड्याळ मी केवळ त्याच्या दर्शनी रूपावर भाळून घेतले. घरी आणून उघडले तेव्हा मागच्या फळीवर स्क्रूची चार रिकामी भोके दिसली, आणि आताचे यंत्र त्यांच्यापासून बोटभर बाजूला बसवलेले होते. तबकडीच्या भोकात चावी घालायचा चौकोनी दांडा मधोमध न येता एका कडेला टेकला होता, आणि लोलक इतका लांब होता की त्याला जागा करून देण्यासाठी पेटीचा तळ पटाशीने खरवडलेला होता. पेटी एका घड्याळाची, यंत्र दुसऱ्याचे, लोलक तिसऱ्याचा. यातली प्रत्येक खूण पाहणीच्या दिवशी दोन मिनिटांत दिसली असती.

म्हणून मागची फळी, रिकामी भोके, चावीच्या दांड्याची जागा आणि लोलकाभोवतीची मोकळी जागा हे चारही न चुकता पाहावे. मागे प्लायवूड आणि पुढे रंगवून काळवंडवलेले लाकूड असेल, कागदी छापील तबकडीवर चहाच्या पाण्यासारखे एकसारखे डाग असतील, तर पेटी अलीकडची समजावी. मीनाकारी तबकडीवरच्या केसासारख्या बारीक भेगा मात्र वयाच्या असतात; त्यांना भिऊ नये.

यंत्राची झीज ओळखण्यासाठी चाकांचे आस जिथे पितळी पाटीत फिरतात ती भोके भिंगाने पाहावीत. भोक गोल न राहता लांबट झाले असेल आणि भोवती काळे तेल साचले असेल, तर यंत्र झिजलेले आहे. हा दोष दुरुस्त होतो, भोकात नवी पितळी बुशी, म्हणजे आसाभोवती बसणारी छोटी नळी, बसवता येते, पण तो खर्च बोलीत धरावा लागतो. भोकाभोवती टोच्याने मारलेले बारीक खड्डे दिसले तर कुणीतरी पितळ ठोकून भोक आवळण्याचा सोपा आणि वाईट उपाय केलेला आहे. अशा यंत्रावर पुढे दुप्पट काम निघते.

शक्य असेल तर विकणाऱ्यालाच चावी द्यायला सांगावे. चावी दिल्यावर स्प्रिंगला उलटे सुटू न देणारी खिटी, जिला कुत्रा म्हणतात, तिचा दात झिजला असेल तर गुंडाळलेली स्प्रिंग एकदम सुटते आणि चावी बोटांवर आपटते. घड्याळ चालू झाल्यावर डोळे मिटून ऐकावे: टक आणि टक यांतले अंतर सारखे हवे. मग मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक टोला पूर्ण होऊ देत, बाराही तास ऐकावेत. काटा मागे फिरवू नये. अनेक टोल्याच्या घड्याळांत त्याने टोल्यांचा मेळ तुटतो, काहींत भाग मोडतो.

फर्निचर पाहताना

कंधारकडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी मला जे शिकवले ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. एका जुन्या मेजाच्या फळीखाली त्यांनी माझा तळहात धरून आडवा फिरवला. वरून आरशासारखी गुळगुळीत असलेली ती फळी खालून पाण्यावरच्या लाटांसारखी हलकी वरखाली लागली. हाताच्या रंध्याची ती खूण. यंत्रावर रंधलेली फळी खालूनही सपाट लागते. तसेच, करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या कमीजास्त अंतरावर असतील तर त्या हातकरवतीच्या, आणि कमानीसारख्या वाकड्या असतील तर फिरत्या पात्याच्या गिरणीतल्या.

खण असलेले कपाट असेल तर खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. पुढच्या फळीला बाजूच्या फळ्या ज्या दातांनी जोडलेल्या असतात ते दात हाताने कापलेले असतील तर एकमेकांसारखे हुबेहूब नसतात. तळाशी वर्षानुवर्षे सरकून झालेली झीज दिसली पाहिजे आणि ती झीज चौकटीच्या पट्टीवरील झिजेशी जुळली पाहिजे. झीज नेहमी कारणाने होते: खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय टेकतात म्हणून ती वरून झिजते, आरामखुर्चीचे हात टोकाला गुळगुळीत होतात, पेटाऱ्याची कडा कडीजवळ दबते. जिथे कुणाचा हातपाय पोहोचत नाही तिथे झीज असेल, तर ती पॉलिशकागदाने केलेली आहे.

गोल मेजाची एक परीक्षा मला फार आवडते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून मराठवाड्याचे शंभर उन्हाळे पाहिलेले गोल मेज रेषांच्या आडवे मोजले की काही मिलिमीटर कमी भरते. दोन्ही मापे तंतोतंत सारखी आली तर आणखी खोलात पाहावे. कातलेल्या पायांचीही अशीच परीक्षा होते.

शिसवी म्हणून सांगितलेली वस्तू एका कोपऱ्याने उचलून पाहावी. सागवानाचे वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो, तर शिसवीचे साडेआठशेच्या आसपास; हाताला हा फरक कळतो. पायाच्या तळाशी जिथे पॉलिश उडालेले असते तिथे शिसवी आतूनही गडद तपकिरी-जांभळट दिसते, आणि रंगवलेले लाकूड फिके पडते.

कोरीव कामात डावीकडचा मोर आणि उजवीकडचा मोर शेजारी ठेवून पाहावेत. हाताने कोरलेल्या जोडीत मान किंचित वेगळी वळते, पटाशीची खोली बदलते, खाचांत मेण आणि धूळ साचून काळी झालेली असते. यंत्राने कोरलेल्या नक्षीत खोली सर्वत्र एकच असते आणि तळाशी बारीक समांतर रेषा राहतात. नक्षी मूळ लाकडातून काढलेली आहे की वेगळी करून सरसाने चिकटवली आहे, हे कडेला भिंग लावल्यावर कळते. चिकटवलेली असणे हा दोष नव्हे, पण किंमत तेवढी नसावी.

वाळवीसाठी पाय ठोकून पाहावेत. पोकळ आवाज आला तर वस्तू सोडावी. बारीक गोल भोके जुनी आणि आतून काळपट असतील तर चालतात, पण त्यांखाली ताजा पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे आणि ती तुमच्या घरातल्या लाकडातही शिरेल.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील मुलाला भेट म्हणून पाठवण्याचा विचार असेल तर आधीच सोडून द्यावा. पांढरे जडावकाम हस्तिदंताचे असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती वस्तू विकता किंवा विकत घेता येत नाही, मग ती कितीही जुनी असो. देवळातून किंवा मठातून आलेली वाटणारी कोरीव मूर्ती, खांब किंवा चौकट असेल, तर मालकीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय हात लावू नये. अशा वस्तू त्यांच्या जागीच राहिल्या पाहिजेत असे मला मनापासून वाटते.

बोली

आदल्या रात्री प्रत्येक वस्तूपुढे कमाल आकडा लिहावा. त्या आकड्यात शुल्क, कर, टेम्पोभाडे आणि दुरुस्ती धरलेली असावी, म्हणजे प्रत्यक्ष बोली त्याहून बरीच खाली थांबेल. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64 नुसार हातोडा पडल्यावर किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाल्यावरच व्यवहार पूर्ण होतो आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते. तसेच किंमत वाढवण्यासाठी खोटी बोली लावली गेली असेल तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो. सुरुवातीलाच मोठी उडी मारू नये, आणि लिहिलेल्या आकड्यापुढे तर मुळीच जाऊ नये. पावतीवर लॉट क्रमांक, वर्णन आणि रक्कम तीनही हवीत.

घरी आणल्यावर

नेताना लोलक काढून वेगळ्या कापडात गुंडाळावा, नाहीतर तो ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती वाकते. यंत्रात खोबरेल तेल किंवा रॉकेल घालू नये. खोबरेल तेल चिकट होऊन धूळ धरते. घड्याळाचेच तेल, तेही थेंबाच्या टोकाएवढे, आणि तेही यंत्र स्वच्छ केल्यानंतर. फर्निचर पॉलिशवाल्याकडे देण्याची घाई करू नये. सँडर फिरला की नक्षीच्या कडा आणि शंभर वर्षांची झळाळी दोन्ही जातात. मऊ कोरडे कापड आणि वर्षातून एकदा थोडे मेण पुरते. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या झोतासमोर जुने कपाट ठेवू नये, कारण लाकूड फुगते आणि सरसाचे सांधे सुटतात.

घड्याळ बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भक्कम भिंतीवर, ओळंबा धरून लावावे. टकटक असमान आली तर पेटी अगदी थोडी डावी-उजवीकडे सरकवून आवाज सारखा करून घ्यावा. घड्याळ मागे पडत असेल तर लोलकाखालची चाकी फिरवून गोळा वर घ्यावा, पुढे जात असेल तर खाली सोडावा, आणि प्रत्येक फेरबदलानंतर एक पूर्ण दिवस वाट पाहावी. लोलकाची दांडी पोलादी असेल तर ती उष्णतेने लांबते. डिसेंबरपेक्षा मे महिन्यात घरातले तापमान वीस अंशांनी जास्त असले की घड्याळ दिवसाला सुमारे दहा सेकंद मागे पडते, त्यासाठी कारागीर बोलावण्याची गरज नाही. आठ दिवसांच्या घड्याळाला चावी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी द्यावी. आमच्याकडे तो दिवस आठवडी बाजाराचा आहे: बाजाराची पिशवी खुंटीवरून काढण्याआधी दोन्ही भोकांत चावी फिरते.