मागणी घटली की मागणी वक्र सरकला? सूक्ष्म अर्थशास्त्रात या चुका टाळा

‘पुरवठा कमी झाला म्हणून किंमत वाढली. किंमत वाढली म्हणून मागणी घटली. मागणी घटली म्हणून किंमत पुन्हा उतरली.’ सूक्ष्म अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना ही तीन वाक्ये मला दरवर्षी भेटतात. एकेक वाक्य सुटे वाचले तर पटते. एकत्र वाचली की किंमत वाढली की उतरली, हेच कळेनासे होते.

घोटाळा ‘मागणी घटली’ या दोन शब्दांत आहे. किंमत वाढल्यामुळे लोक कमी नग घेतात, तेव्हा आपण त्याच मागणी वक्रावर, म्हणजे कोणत्या किमतीला किती नग घेतले जातील हे दाखवणाऱ्या रेषेवर, वर सरकतो. हा मागणीचा संकोच. उत्पन्न, आवडनिवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलली, तर अख्खा वक्र जागा सोडतो. ती मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास. वरच्या उत्तरात फक्त पुरवठा वक्र डावीकडे गेला होता. मागणी वक्र जागचा हललाच नाही, त्यामुळे किंमत पुन्हा उतरायला काही कारणच उरत नाही. समतोल नव्या बिंदूवर येतो: किंमत जास्त, नग कमी. एवढ्यावर उत्तर संपते. आकृती काढण्याआधी समासात एक ओळ लिहायची सवय लावा: कोणता वक्र सरकला आणि का? ‘का’च्या पुढे त्याच वस्तूची किंमत आली, तर वक्र सरकलेला नाही.

उतार म्हणजे लवचिकता नव्हे

इथे थोडे थांबू, कारण सर्वाधिक गुण इथेच जातात. मागणी फल असे घ्या: नग = १०० − २ × किंमत. रेषा सरळ आहे, म्हणून लवचिकताही (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते) सगळीकडे सारखीच, असे अनेकांना वाटते. किंमत ४० असताना मागणी २० नग. लवचिकता = (किंमत एकाने वाढली की नगांत होणारा बदल) × किंमत ÷ नग = −२ × ४० ÷ २० = −४. किंमत १० असताना मागणी ८० नग आणि लवचिकता फक्त −०.२५. रेषा तीच, उतार तोच, पण एका टोकाकडे मागणी अतिशय लवचिक आणि दुसरीकडे ताठर.

दुसरा सापळा आकृतीतच लपलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांच्यापासून रूढ झालेल्या पद्धतीने आपण किंमत उभ्या अक्षावर घेतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारा उतार −२ नसून −०.५ असतो. तोच उचलून सूत्रात घातला की किंमत ४० ला उत्तर येते −१. उत्तर दिसायला नीटनेटके, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

पडताळा सोपा आहे. किंमत ४० वरून ३६ करा. मागणी २० वरून २८ होते आणि ग्राहकांचा एकूण खर्च (किंमत × नग) ८०० वरून १००८ वर जातो. लवचिकता खरोखर −१ असती, तर एवढ्या बदलाने एकूण खर्च जवळजवळ जागेवरच राहिला असता. लवचिकतेचे प्रत्येक उदाहरण असे ग्राहकांच्या एकूण खर्चाशी ताडून पाहा. अर्धा मिनिट लागतो.

तोटा दिसला की ‘उत्पादन बंद’ लिहू नका

एका उत्पादकाचा स्थिर खर्च (उत्पादन कितीही असो, तेवढाच राहणारा) ५००, १०० नगांना दर नगी बदलता खर्च (उत्पादनाबरोबर बदलणारा) ८, किंमत १०. प्राप्ती १०००, एकूण खर्च १३००, म्हणजे तोटा ३००. बंद केले तर तोटा ५००, कारण अल्पकाळात स्थिर खर्च चुकत नाही. म्हणून किमतीची तुलना सरासरी बदलत्या खर्चाशी करायची, सरासरी एकूण खर्चाशी नव्हे. तोटा होत असेल तर बाहेर पडायचे, हा निर्णय दीर्घकाळाचा.

निकृष्ट वस्तू (उत्पन्न वाढले की जी कमी घेतली जाते) म्हणजेच गिफेन वस्तू (किंमत वाढली की जी जास्त घेतली जाते), हेही लिहू नका. प्रत्येक गिफेन वस्तू निकृष्ट असते, उलट खरे नाही. उत्पन्न परिणामाने (किंमत बदलल्याने खरेदीची ताकद बदलते, त्याचा परिणाम) पर्यायता परिणामावर (तुलनेने स्वस्त वस्तूकडे वळणे) मात केली तरच मागणी वक्र वर चढतो.

दीर्घकालीन सरासरी खर्च

दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र प्रत्येक अल्पकालीन सरासरी खर्च वक्राच्या तळातून काढणे, ही चूक तुमच्याकडून झाली असेल तर खचू नका, ती मोठ्या माणसाकडूनही झाली आहे. १९३१ च्या लेखात अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांना दीर्घकालीन वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या तळातून न्यायचा होता, शिवाय तो कोणत्याही अल्पकालीन वक्राच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. आकृती काढणाऱ्या वोंग यांनी हे जमणार नाही म्हणून हरकत घेतली. १९५० मध्ये जोडलेल्या टिपेत व्हायनर यांनी आपली चूक मान्य केली.

आकृती काढताना लक्षात ठेवा: दीर्घकालीन वक्र उतरत असेल, तिथे तो अल्पकालीन वक्राला तळाच्या डावीकडे स्पर्श करतो, चढत असेल, तिथे उजवीकडे. दोघांचे तळ जुळतात ते फक्त दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या सर्वांत खालच्या बिंदूवर.