गडग्यापाशी बघा डोंगरापाशीची वाळू

गुहागरला आमच्या वाडीला समुद्राकडून चिऱ्याचा गडगा आहे. उन्हाळ्यात वाळू उडत येते, पण गडग्याला टेकत नाही. अलीकडेच तिचा वरंबा होतो. भाच्याने अमेरिकेतल्या कोलोरॅडोतून ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांचे फोटो पाठवले आणि विचारलं, ‘‘मामा, डोंगराच्या पायथ्याशी एवढी वाळू कशी?’’ म्हटलं, आमच्या गडग्यापाशी ये, दाखवतो.

फेब्रुवारी-मार्चमधली दुपार धरा, खारा वारा जोरात असतो. वाळू भरतीच्या रेषेच्या वरची, खडखडीत कोरडी घ्या. (मी पहिल्यांदा ओल्या वाळूत तास घालवला. एक कण हलला नाही.) एक फळी वाऱ्यासमोर उभी रोवा आणि वाऱ्याच्या बाजूने मूठ-मूठ वाळू जमिनीलगत सोडत राहा. कण उड्या मारत जातात आणि फळीच्या अलीकडे थबकतात, कारण फळीवर आपटलेला वारा खाली वळून मागे फिरतो. उभ्या कड्यासमोर वाळवंटात असंच होतं. आता फळी चांगली आडवी कलवा. वाळू चढू लागेल. डोंगराचा उतार सौम्य असला की वाळू अशीच त्याच्या अंगावर चढते.

वाळूच्या टेकडीची आडोशाची, म्हणजे वाऱ्यामागची, बाजू कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. उतार साधारण ३० ते ३४ अंशांवर गेला की वाळू घसरते, मग टेकडी गुहागरची असो की जैसलमेरची.

खरी गंमत पुढे. कोलोरॅडोत नेहमीचा नैर्ऋत्येचा वारा खोऱ्यातली वाळू सांग्रे दे क्रिस्तो डोंगरांकडे ढकलतो, आणि वादळात ईशान्येचा वारा खिंडींतून उतरून तीच वाळू परत लोटतो. दोघांच्या रेटारेटीत टेकड्या पुढे सरकण्याऐवजी उंच होतात. सगळ्यात उंच टेकडी सुमारे २२५ मीटर. आपल्याकडे उलटा वारा म्हणजे रात्रीचा मतलई, पण त्यात दम नाही आणि वाळू दवाने भिजलेली. तेव्हा फळी काढा आणि मागून सुपाने वारा घाला. माथ्याची धार बघता बघता दुसरीकडे झुकेल.

तिथला मेडानो ओढा, आपल्या पऱ्ह्यासारखाच, डोंगराकडे गेलेली वाळू वाहून पुन्हा खोऱ्याच्या बाजूला आणतो, आणि वारा ती परत उचलतो. हे तांब्याभर पाण्याने करायला गेलो, तर माझी टेकडीच बसली. ते सोडून द्या.

फळी भरतीआधी उचला. माझी पहिली समुद्राने नेली.