नॉब शून्यावर, तरी मोटर पळते: ट्रायॅक बदलण्याआधी हे तपासा

एका वाइंडिंगच्या दुकानात कॉइल गुंडाळायचं घरगुती यंत्र होतं: शिलाई मशीनची मोटर आणि तिला ट्रायॅकचा, म्हणजे गेट नावाच्या पायाला करंट मिळाला की चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा, रेग्युलेटर. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की नॉब शून्यावर असूनही मोटर दचकायची आणि बारीक तार तुटायची. मालकाने तीनदा ट्रायॅक बदलला होता. काढलेले तिन्ही मी मीटरवर पाहिले, तिन्ही ठणठणीत. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच: ट्रायॅकला चालू कोण करतंय?

हात घालण्याआधी प्लग काढा, कंडेन्सर डिस्चार्ज करा आणि मीटरने खात्री करा. या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे अख्खा बोर्ड मेनवर असतो. बीटी१३६ या ट्रायॅकची धातूची पाठ आतून एमटी२ ला जोडलेली असते (एमटी१ आणि एमटी२ हे ट्रायॅकचे दोन मुख्य पाय), म्हणजे हीटसिंकलाही शॉक बसू शकतो.

१. थंड तपासणी. एमटी१ आणि एमटी२ मध्ये दोन्ही दिशांनी मीटर ओपन दाखवायला हवा. गेट ते एमटी१ साधारण काही दहा ते काही शे ओहम मिळतात. शॉर्ट असेल तरच ट्रायॅक बदला.

२. मोटरच्या जागी बल्ब. १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी नको. नॉबबरोबर तो नीट मंद होऊन विझला तर ट्रिगरची बाजू बरी आहे आणि संशय मोटरच्या स्वभावावर जातो. बल्बही लुकलुकत असेल तर गेटकडे वळा.

३. गेट सोडवा. प्लग काढून डायॅकचा (गेटला ट्रिगर देणारा छोटा भाग) एक पाय बोर्डावरून उचला, गेट आणि एमटी१ मध्ये १ किलोओहम लावा, मोटर जोडा आणि सप्लाय द्या. आता मोटर हलली तर ट्रायॅक गेटशिवाय, स्वतःच पेटतोय. गप्प राहिली तर आगळीक गेटच्या वाटेने येतेय, असं वाटेल. पण इथे एक मेख आहे. एकदा चालू झालेला ट्रायॅक बंद होताना जो घोळ होतो, तो या चाचणीत दिसतच नाही, कारण ट्रायॅक चालूच होत नाही. बल्ब नीट मंद होतो, पण मोटर एकदा सुटली की नॉब फिरवूनही वेग उतरत नाही, असं असेल तर तोच घोळ समजा.

तो होतो कसा? ट्रायॅक करंट शून्य झाल्यावर बंद होतो. बल्बमध्ये त्या क्षणी व्होल्टेजही शून्य असतं. मोटरमध्ये करंट मागे रेंगाळतो, त्यामुळे तो शून्यावर येतो तेव्हा मेनचं व्होल्टेज बरंच वर चढलेलं असतं आणि ते झटक्यात ट्रायॅकवर आदळतं. ट्रायॅकच्या आतला जोड बारीकशा कंडेन्सरसारखा वागतो. समजा तो ५० पिकोफॅरडचा आहे आणि व्होल्टेज दर मायक्रोसेकंदाला १०० व्होल्टने चढलं, तर आतून ५ मिलीअँपिअर वाहतात. नाजूक गेटच्या ट्रायॅकला पेटायला तेवढे पुरतात. वेल्डिंगचा झटका मेनमधून येतो, तेव्हाही हेच घडतं.

४. स्नबर पाहा, म्हणजे ट्रायॅकवर चढणारं व्होल्टेज हळू करणारी जोडी. एमटी१-एमटी२ वर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, ट्रायॅकच्या पायांजवळ. कंडेन्सर एक्स२ दर्जाचा (थेट मेनवर लावायला बनवलेला), २७५ व्होल्ट एसीचा घ्या. रेझिस्टन्स २ वॅटचा लावा. अर्ध्या वॅटचा काळा पडतो. रेझिस्टन्स गाळून नुसता कंडेन्सर लावू नका, तो सगळा चार्ज ट्रायॅकमध्येच ओततो. या स्नबरमधून ५० हर्ट्झला ७ मिलीअँपिअर तरी गळतातच, तेव्हा नॉब बंद म्हणजे सप्लाय बंद, असं धरू नका.

आमच्या यंत्रात स्नबर होता, पण कामाचा नव्हता. भिंगाखाली कंडेन्सरच्या पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. यंत्राच्या थरथरीने टाका सुटला होता.

५. मेनचा झटका अडवा. फ्यूजनंतर, सर्किटच्या बाजूला, लाइन-न्यूट्रलमध्ये १४डी४७१ एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका गिळणारा भाग) लावा. ब्रशच्या मोटरला ब्रशवर एक्स२ दर्जाचा ०.१ मायक्रोफॅरड जोडा, ठिणग्यांचा गोंगाट तिथेच कमी होतो.

६. गेटची वायर. छोटी ठेवा, एमटी१ च्या वायरसोबत पीळ द्या आणि मोटरच्या वायरींपासून लांब न्या. ट्रायॅकऐवजी सी१०६ सारखा एससीआर (एकाच दिशेने करंट नेणारा ट्रायॅकचा भाऊ) असेल तर गेट-कॅथोडमध्ये १ किलोओहम हवाच; तो २०० मायक्रोअँपिअरवरही पेटतो.

७. उष्णता. थंड असताना सगळं ठीक आणि वीस मिनिटांनी भूत शिरतं, असं असेल तर हीटसिंक मोठा करा. तापलेल्या ट्रायॅकला पेटायला कमी करंट पुरतो आणि त्याची गळतीही वाढते.

एवढं करूनही भागलं नाही, तर बीटीए१६-६००बीडब्ल्यू घ्या. मोटरसारख्या लोडसाठी तो जास्त सोशिक आहे आणि त्याची पाठही इन्सुलेटेड असते. मात्र त्याच्या गेटला ५० मिलीअँपिअरपर्यंत लागू शकतात.

दुकानात मी नवा टाका मारला, कंडेन्सर सिलिकॉनने बोर्डाला चिकटवला आणि एमओव्ही लावला. मग शेजारी वेल्डिंग सुरू होईपर्यंत चहा घेत थांबलो. दिवा क्षणभर मंदावला. मोटर जागची हलली नाही. मालकाने ते तीन ट्रायॅक परत डबीत टाकले.