सिक्कीम देशच राहिला असता तर? कल्पित देशाची ओळख लिहिताना या चुका टाळा

पर्यायी इतिहासात रमणाऱ्यांना सिक्कीमचा मोह हमखास पडतो. जेमतेम ७,०९६ चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख, १६४२ पासूनचं नामग्याल घराणं, डोक्यावर कांचनजंगा. आणि १६ मे १९७५ ला हे राज्य भारताचं बाविसावं राज्य झालं. आजही तो काळ पाहिलेली माणसं हयात आहेत, त्यामुळे ‘तसं झालं नसतं तर’ म्हणायला हात शिवशिवतात.

मीही लिहिलं होतं. चार पानं भरली: झेंडा, राष्ट्रगीत, विमानतळ, सगळं. हौसेने मित्राला वाचायला दिलं. त्याने एवढंच विचारलं, “गंगटोकच्या पंपावर डिझेल कुठून येतं रे?” मला उत्तर देता येईना. पुढचं सगळं त्या फजितीतून शिकलेलं.

फाटा फार पुढे फोडणं

खऱ्या इतिहासापासून आपली कथा कुठे फुटते, तो हा फाटा. बहुतेक जण इथेच घसरतात. १४ एप्रिल १९७५ च्या जनमत कौलात लोक ‘नाही’ म्हणाले, असं लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात नोंदलेली मतं अशी: बाजूने ५९,६३७, विरोधात १,४९६. तो कौल कितपत मोकळेपणाने झाला यावर आजही वाद आहे. पण ९ एप्रिलला भारतीय लष्कराने राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना नि:शस्त्र केलं होतं, १० तारखेला विधानसभेचा ठराव झाला होता आणि चारच दिवसांत डोंगरदऱ्यांतून मतदान उरकलं गेलं. त्याआधी १९७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या राजाविरोधी सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा घेतल्या होत्या. अशा वेळी फक्त निकालाचा आकडा फिरवून देश वाचत नाही.

तेवढ्यावरच अडून बसायचं असेल तर एक जागा आहे. राजेपद रद्द करणं आणि भारताचा घटक होणं, या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात बांधल्या होत्या. ते दोन वेगळे प्रश्न करून पाहा. राजा नको पण देश हवा, असं म्हणणाऱ्यांना तिथे जागा मिळते, आणि कथानकालाही.

मी स्वतः मात्र मागे जाईन. ५ डिसेंबर १९५० च्या कराराने सिक्कीम भारताचं संरक्षित राज्य झालं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण दिल्लीकडे गेलं आणि बदल्यात वर्षाला तीन लाख रुपये ठरले. परदेशी जाणारा सिक्कीमी माणूससुद्धा पासपोर्टपुरता भारताच्या संरक्षणाखालचा. भूतानच्या १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारापुरता भारताचा सल्ला होता, आणि १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रांत जाऊन बसला. पण करार बदलणंही पुरेसं नाही. १९४९ च्या मे महिन्यात स्टेट काँग्रेस पक्षाचे नेते ताशी त्सेरिंग यांचं मंत्रिमंडळ आलं आणि महिनाभरही टिकलं नाही. ते टिकलं असतं तर? राजवाड्याने तेव्हाच सत्ता वाटून घेतली असती, तर १९७३ च्या राजाविरुद्धच्या आंदोलनातली हवा बरीचशी निघून गेली असती. माझं मत विचाराल तर खरा फाटा हाच.

भूतानवर सिक्कीमची पाटी लावणं

लक्षण ओळखायला सोपं. तुमच्या लेखात सगळे लामा आहेत, सगळे सुखी आहेत आणि नेपाळी बोलणारं कुणीच नाही. सिक्कीममध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेपाळी भाषकांची संख्या भुतिया आणि लेपचा हे जुने समाज मिळून होणाऱ्या लोकसंख्येच्या कितीतरी पुढे गेली होती, तरी राज्य परिषदेत भुतिया-लेपचांना नेपाळींइतक्याच जागा होत्या. ‘एक माणूस, एक मत’ ही मागणी तिथून पेटली. तुमच्या देशाने ती मान्य केली की दाबली, हे पहिल्या पानावर आलंच पाहिजे. दाबली म्हणालात तर भूतानकडे पुन्हा बघा: नव्वदच्या दशकात तिथून साधारण लाखभर नेपाळी भाषक नेपाळमधल्या छावण्यांत पोहोचले.

आजचं सिक्कीम उचलून चिकटवणं

२०१६ ची सेंद्रिय राज्याची घोषणा आणि २०१८ चा पाक्योंग विमानतळ हे भारतातल्या एका राज्याचे टप्पे आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यात तर सिक्कीमी लोकांना प्राप्तिकर माफ होता. स्वतःच्याच देशात कुणाचा कर, कुणाला माफ? हे खोडा आणि विजेकडे वळा. भूतानने ऐंशीच्या दशकात भारताच्या पैशाने चुखा प्रकल्प उभारला आणि वीज भारतालाच विकली. सिक्कीममधल्या तीस्ता नदीवरही तोच सौदा झाला असता, असं धरायला हरकत नाही. पण ४ ऑक्टोबर २०२३ ला दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं, तेही विसरू नका. खाली कुणाचा झेंडा आहे हे पाहून हिमतलाव फुटत नाही. तिथे धरण बांधलं होतं का आणि कुणाच्या कर्जातून, ते मात्र तुमच्या फाट्यावर ठरतं.

होप कुक या अमेरिकन राणीला हेर ठरवून सगळं खापर तिच्यावर फोडणं ही आळशी लेखकाची युक्ती. एवढ्यावर पुढे जातो.

आणि ते डिझेल

सहलीच्या बसमधून सिलीगुडीहून सेवोकमार्गे गंगटोकला गेलेल्या मराठी पर्यटकाला हे नकाशा न उघडता कळतं. एका बाजूला तीस्ता, दुसऱ्या बाजूला सुटत आलेला डोंगर, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तासन्‌तास रांग. पूर्वेला तिबेटकडे जाणारी नाथू ला ही खिंड आहे, पण १९६२ ते २००६ ती व्यापाराला बंद होती. म्हणजे तांदूळ, मीठ, औषधं, डिझेल सगळं त्या एका रस्त्याने, दुसऱ्या देशातून. चलनही रुपयाच होता. तुम्ही नवं छापणार असाल तर भूतानच्या गुलत्रुमसारखं ते रुपयाला बांधायचं का, हेही ठरवा.

आता माझा दुसरा मसुदा झेंड्याने सुरू होत नाही. सिक्कीमच्या सीमेवरच्या रंगपोच्या नाक्यावर, जुलैच्या पावसात, कागद दाखवायला उभ्या असलेल्या टँकरच्या रांगेने सुरू होतो. मित्राने तो वाचला आणि विचारलं, “आणि शिक्का कोणत्या भाषेत मारतात?”