स्पेस इन्व्हेडर्स नव्याने बनवताय? या चुका टाळा

टायटोचा १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स', म्हणजे खाली सरकत येणाऱ्या एलियनना गोळ्या घालण्याचा आर्केड गेम, दिसायला सोपा, म्हणून आजच्या कन्सोलसाठी तो पुन्हा लिहायला घेणारे पुष्कळ. दोन दिवसांत "झाला!" म्हणतात. चालतो खरा, पण खेळायला मजा येत नाही.

कारण बहुतेक वेळा एकच: ५५ एलियन एकदम सरकवलेले असतात आणि ते कमी होतील तसा वेग वाढवणारं सूत्र लावलेलं असतं. मग गुणक १.२ चा १.३, परत १.२५, टेस्टर मान हलवतो, पुन्हा गुणक. आठवडा त्यातच जातो. मुळात असं सूत्र नव्हतंच! यंत्रातला २ मेगाहर्ट्झचा इंटेल ८०८० प्रोसेसर दर फ्रेमला (स्क्रीनवरचं एक चित्र, सेकंदाला साधारण ६०) एकच एलियन २ पिक्सेल सरकवायचा. ५५ जिवंत असले की सगळे एकदा सरकण्याच्या फेरीला ५५ फ्रेम, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. १० उरले की १० फ्रेम. शेवटचा तर दर फ्रेमला पळतो, उजवीकडे ३ पिक्सेल, डावीकडे २. कोणाची पाळी आहे ते सांगणारा एक इंडेक्स ठेवा, दर टिकला (खेळाच्या घड्याळाचा एक ठोका) पुढचा जिवंत एलियन शोधा, तेवढाच हलवा. कोणी काठाला लागला तरी लगेच दिशा उलटवू नका. चालू फेरी संपू द्या. पुढच्या फेरीत प्रत्येक जण ८ पिक्सेल खाली. आणि एलियन फुटत असताना बाकीचे थांबलेच पाहिजेत.

आता हा टिक थेट स्क्रीनच्या फ्रेमला बांधला, की १२० हर्ट्झच्या टीव्हीवर खेळ दुप्पट वेगाने धावतो. घाईतला उपाय म्हणजे सगळं डेल्टा टाइमने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने, गुणणं. नका करू, अपूर्णांकातले पिक्सेल येतात आणि एकामागून एक सरकणाऱ्या एलियनची लाट मोडते. वेळ साठवा, १/६० सेकंद भरला की एक टिक, आणि एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ४ टिक. ही मर्यादा फालतू वाटते म्हणून वगळतात. मग रात्री स्लीपमध्ये टाकलेला कन्सोल सकाळी उठतो, साठलेल्या आठ तासांचे टिक एका दमात चालवायला जातो, आणि स्क्रीन गोठते किंवा थेट 'गेम ओव्हर'.

मूळ चित्र २२४ × २५६ पिक्सेल. आजच्या टीव्हीच्या १०८० ओळींत ४ पट, म्हणजे ८९६ × १०२४ बसतं. पण जुनी आडवी स्क्रीन उभी केलेली होती, प्रमाण ३:४. तसं हवं तर रुंदी ७६८. थेट ७६८ वर ताणलंत तर काही स्तंभ ३ पिक्सेल, काही ४, आणि चालताना एलियन जाड-बारीक होत राहतो. आधी ४ पट काढा, मग फक्त रुंदी लिनियर फिल्टरने (शेजारचे पिक्सेल मिसळून) आवळा.

रंग एलियनला देऊ नका, स्क्रीनच्या पट्ट्यांना द्या. मूळ यंत्राच्या काचेवर रंगीत सेलोफेन होतं.

खेळाडूसमोरच्या ढालींना चौकोनी हिटबॉक्स (गोळी लागली का ते ठरवणारी चौकट)? अजिबात नाही. ढालीचा बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचा नकाशा, ठेवा, गोळी लागेल तिथले पिक्सेल खोडा.

खेळाडूची गोळी एका वेळी एकच.

वरून मधूनच जाणाऱ्या यूएफओचे (उडत्या तबकडीचे) गुण रँडम नाहीत, तुमच्या गोळ्यांच्या मोजणीवर ठरतात: २३ व्या गोळीला ३००, पुढे दर १५ व्या गोळीला. मुरलेले खेळाडू गोळ्या मोजत खेळतात. तिथे रँडम टाकलंत तर त्यांना पहिल्याच डावात कळतं.