पॅनेल तापतं, टाकी थंडच: बिनपंपाच्या सोलरचे पाइप

धुळ्यातली गच्ची, पाणी तापवायचा सपाट पॅनेलचा सोलर; पंप नाही, गरम पाणी आपोआप वर टाकीत चढतं. भर दुपारी पॅनेलपाशी गरम पाइप चटके देतो, टाकीच्या तोंडाशी तोच गार! काचा पुसल्या, बोअरचा क्षार काढून घेतला, फरक शून्य. डोकंच फिरलं.

गरम पाइपाला मध्येच उंचवटा होता, तिथे हवा अडकून पाण्याची वाट बंद झालेली. पॅनेल निवल्यावर पाणी बंद करून सगळं रिकामं केलं. टाकीच्या तळातला पाइप पॅनेलच्या खालच्या तोंडाला जोडला. पॅनेलच्या तिरक्या समोरच्या, वरच्या कोपऱ्यातून गरम पाइप टाकीच्या वरच्या भागात नेला, सलग चढता, झोळ अजिबात नाही. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच हवाच (प्लंबर हे हसण्यावारी नेतात). मग व्हेंट पाइप (हवा बाहेर जायचा पाइप) मोकळा ठेवून पाणी हळूहळू सोडलं. आता गरम पाइप टाकीपर्यंत तापतो.