उलटी दांडी उभी राहिली ती अशी

उलटी दांडी म्हणजे मोटरवर पुढे-मागे धावणाऱ्या गाडीला खालच्या टोकाशी मोकळी जोडलेली काठी; गाडी हलवून ती उभी तोलायची. जळगावात एप्रिलच्या उन्हात पंखा बंद ठेवून (वाऱ्यानेही दांडी हलायची) आठवडाभर झटलो. दांडी दोन सेकंद थरथरायची, मग आडवी. केपी (दांडी कलली की गाडीने किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) वाढवला तर थरथर आणखीच.

दोष गणितात नव्हताच. कोन बघायला प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत (कोन मोजून मोटर हलवायची एक खेप) ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने, सिरियल प्रिंट (तारेवरून संगणकाला आकडे पाठवणं) टाकलेलं. एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद, २० अक्षरांना २०; आम्ही फेरी धरलेली ५ ची! प्रिंट काढलं, थरथर गेली.

तरी गाडी एका बाजूला सरकायची. शून्य, म्हणजे दांडी सरळ उभी असतानाचा कोन, आम्ही नजरेनेच ठरवलेलं. मग दांडी खाली मोकळी लोंबू दिली, पार स्थिरावली तिथे १८० अंश धरले. ६०० पल्सचा एन्कोडर (दांडी किती फिरली ते मोजणारा सेन्सर) चौपट मोजणीत एका पूर्ण वळणाला २४०० देतो. तिथून १२०० मोजले की नेमकं वर. गाडीची जागाही हिशेबात घेतली. त्या रात्री चहा गार झाला, दांडी उभीच होती.